ढगाला न्यायच्या आधी

ये सम्मेद, चप्पल तिथंच काढ,
आणि दारात थांबू नकोस, दार त्याचं आहे.
हा टेप धर. जमिनीपासून खांद्यापर्यंत मोज.
चौतीस इंच. लिहून घे.
चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले मी,
मापाशिवाय कुणाला काही देत नाही.

वजन विचारलंस ना फोनवर?
मार्केट यार्डातले गुळाचे दोन रवे, वर एक भेली.
फरक एवढाच, की गूळ मांजर बघून पळत सुटत नाही.
पट्टा धरायच्या आधी पाय रोवायला शीक.
तालमीत गेलायस कधी?
नाही ना. मग हाच शिकवेल.

घर तुझं जवाहरनगरात, दुसरा मजला.
पायऱ्या किती?
मोजल्या नाहीस. मोजून ये.
आज तो तीन उड्यांत वर जाईल.
पाच वर्षांनी मागचे पाय संपावर गेले
की कोण उचलणार? तू, आणि?
नावं सांग.
माझ्या दादूला चौघं लागायची, ताडपत्रीवर घालून,
शेजारच्या तालमीतली पोरं,
सकाळी एकदा, रात्री एकदा, दीड महिना.
एकानंही तोंड वाकडं केलं नाही,
माझीच मान खाली जायची.

जेवणाचं ऐक.
तुझ्या आईचं दिवस मावळायच्या आत उरकतं, बरंय ते.
याचंही तसंच ठेव. दोनदा, थोडं थोडं,
आणि जेवल्यावर तासभर पळापळ नाही.
हवा धरून पोटच पिळवटतं यांचं.
पोट ढोलासारखं तट्ट, ओकायला बघतोय आणि बाहेर काही पडत नाही,
असं दिसलं तर उजाडायची वाट बघायची नाही,
रात्री दोनला डॉक्टरांचं दार बडवायचं.
अंड्याचं काय करणार?
माझ्यासमोर हो म्हणू नकोस. घरी जाऊन विचार.

एप्रिलात फरशी ओली ठेव.
लाळ भिंतीला लागेल, पाहुण्यांच्या धोतराला लागेल,
बहिणीच्या शालूला तर लागणारच.
शेपूट नेमकी चहाच्या कपांच्या उंचीवर.
रंकाळ्यावर नेलास तर भेळ खाणारे उठून उभे राहतील,
कुणीतरी लांबूनच विचारेल, 'चावतो काय ओ?'
खरं सांगू? फुग्याला भितो.
फुगेवाला दिसला की तुझ्यामागं लपेल,
आणि मावणार नाही.

नागाळा पार्कातल्या बंगल्यानं आणला
तेव्हा टोपलीत मावायचा. फोटो छान यायचे.
अकराव्या महिन्यात सोफ्याएवढा झाला,
आणि त्यांना सोफा ठेवायचा होता.
वाईट नव्हती माणसं.
टेप नव्हता त्यांच्याकडं.

आता शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं.
पॅटर्न करताना माप थोडं वाढवून धरतात.
ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं,
त्याची सूट आधीच लाकडात ठेवायची.
या जातीला वर्षं सात, आठ. फार तर नऊ.
दादू आठव्यात गेला, भोगीच्या दिवशी.
खड्ड्याला जेसीबी सांगावा लागला.
त्याची कोपऱ्यातली जागा अजून तशीच आहे,
वाळूतनं साचा उचलल्यावर राहते तशी,
कडा शाबूत.
लोखंड आकसतं, सम्मेद. ती जागा आकसत नाही.
तिची सूट कशात ठेवायची
ते मला अजून जमलेलं नाही.

हं, उठला बघ.
आता वास घेईल, वळेल,
आणि सगळं अंग तुझ्या मांडीवर रेलून देईल.
भिंत समजून टेकायचं, माया म्हणून त्याला तेवढंच येतं.
मागं सरकू नकोस.

सरकलास. अर्धं पाऊल.
असू दे. मी पण सरकलो होतो.

रविवारी ये.
पायऱ्या मोजून,
आईला घेऊन.